घरातल्या झाडांवर मित्रकीटक सोडताना: ओळखीपासून मोजणीपर्यंत

लाल कोळ्यावर फवारणी केली, आठ दिवसांत पानांमागे पुन्हा जाळी. पिठ्या ढेकूण कापसाने पुसून काढला, पंधरवड्याने त्याच बेचक्यात पुन्हा पांढरा पुंजका. घरात झाडे ठेवणाऱ्यांना हे चक्र पाठ असते. फवारा पानाच्या घडीत, देठाच्या बेचक्यात, मातीत पोहोचत नाही. किडीची अंडी नेमकी तिथेच असतात. मित्रकीटक, म्हणजे किडीला खाऊन किंवा मारून टाकणारे छोटे जीव, तिथवर स्वतःहून पोहोचतात, हा त्यांचा खरा फायदा.

अडचण अशी की घर ही त्यांच्यासाठी फारशी बरी जागा नाही. हवा कोरडी, शिकार मोजकी, आणि उडणाऱ्याला काचेतला उजेड खुणावत असतो. त्यामुळे घरातले यश सोडण्याच्या दिवशी ठरत नाही. ते आधीच्या दोन-तीन आठवड्यांत ठरते: कीड कोणती ते ओळखले का, पानांवर औषधाचा अंश उरलाय का, खोलीत किती ओल आहे. एवढे जमले तर सोडण्याचे काम पाच मिनिटांचे आहे.

मित्रकीटक हा शब्द रूढ आहे म्हणून वापरायचा. यांतले बरेच जण कीटक नाहीतच. परभक्षी (दुसऱ्या किडीला खाणाऱ्या) कोळ्यांना आठ पाय असतात आणि सूत्रकृमींना, म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना, एकही नसतो.

आधी शत्रू नेमका कोण ते बघा

१० पट मोठे दाखवणारे भिंग, पांढरा कागद आणि मोबाइलचा टॉर्च, एवढ्यावर काम भागते. भिंग डोळ्याला चिकटवून पान जवळ आणायचे. भिंग पानावर धरून लांबून पाहिले तर काहीच नीट दिसत नाही.

संशय असलेल्या पानाखाली कागद धरा आणि पानाला तीन-चार टिचक्या मारा. अर्धा मिनिट थांबा. मिठाच्या कणाहून लहान ठिपके रेंगाळत चालू लागले तर बहुधा लाल कोळी. नाव लाल असले तरी तो बऱ्याचदा फिकट हिरवट-पिवळा असतो आणि पाठीवर दोन गडद डाग असतात. मिलिमीटरभर लांबीची, काडीच्या कुसळासारखी दिसणारी आणि मध्येच उडी मारणारी चीज म्हणजे फुलकिडे. त्यांची आणखी एक खूण पानावरच असते: चंदेरी ओरखडे आणि त्यांवर काळ्या विष्ठेचे बारीक टिपके.

मावा कोवळ्या शेंड्यांवर घोळक्याने बसतो. पांढरी माशी झाड हलवले की भुर्रकन उडते. खवले कीड फांदीवर तपकिरी टिकलीसारखी चिकटलेली असते आणि नखाने खरवडली की सुटते. माती ओली ठेवल्यावर कुंडीभोवती जी काळपट चिलटे फिरतात, त्यांच्या अळ्या मातीत असतात: अंग पारदर्शक, डोके चकचकीत काळे. त्या शोधायला बटाट्याची अर्धा सेंटिमीटर जाडीची चकती मातीवर दाबून ठेवावी आणि दोन दिवसांनी उलटून पाहावी. अळ्या असतील तर चकतीखाली गोळा झालेल्या सापडतात.

ओळखीवर एवढा भर देण्याचे कारण असे की उत्तम मित्रकीटक फार चोखंदळ असतात. लाल कोळ्यावर जगणारा फायटोसियुलस हा परभक्षी कोळी फुलकिड्यांच्या शेजारी उपाशी मरेल. ‘काहीतरी बारीक किडे आहेत’ एवढ्यावर मागवलेली बाटली वाया जाते.

सोडावेत की सोडू नयेत

एकच झाड आणि त्यावर थोडा मावा असेल तर मित्रकीटकांच्या भानगडीत पडू नका. न्हाणीघरात नेऊन जोराच्या पाण्याने तीन-चार वेळा, दोन-दोन दिवसांच्या अंतराने धुतले की काम होते. दहा-पंधरा झाडे एकमेकांना लागून आहेत, मोठे वेल आहेत, काचेचे कपाट किंवा टेरॅरियम आहे, खाण्याची पाने घरात वाढवताय आणि फवारणी नको आहे, अशा ठिकाणी मित्रकीटक शोभतात.

झाड जाळ्यांनी मढून गेले असेल तर उशीर झालेला आहे. आधी छाटणी आणि धुणे, मगच बाकीचे. उलट टोकही वाईट: किडीचा मागमूस नसताना खबरदारी म्हणून फायटोसियुलस सोडला तर तो काही दिवसांत उपासमारीने संपतो. खबरदारीसाठी वेगळ्या, पराग किंवा इतर सूक्ष्म जीव खाऊन तग धरणाऱ्या जाती लागतात. त्यांचा उल्लेख पुढे येईल.

जिवंत प्राणी एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर जवळपास सगळीकडे निर्बंध असतात. तुमच्या देशात रीतसर परवानगीने विकल्या जाणाऱ्या जातीच घ्या.

औषधाचा अंश

मित्रकीटक मरण्याचे सर्वांत मोठे कारण आपणच महिनाभर आधी मारलेली फवारणी हे असते. नवीन आणलेल्या झाडावर रोपवाटिकेत काय मारले होते हे तर आपल्याला माहीतही नसते.

कीटकनाशक साबण ओला असतानाच मारतो. वाळला की त्याचा धोका संपतो, म्हणून पाने वाळल्यावर एक-दोन दिवसांनी मित्रकीटक सोडता येतात. साबणाचा चिकट थर राहिला असेल तर साध्या पाण्याने धुऊन घ्यावे. कडुनिंबाच्या तेलानंतर किमान एक ते दोन आठवडे थांबा. तेलाचा पातळ थरही बारीक कोळ्यांच्या पायांना अडवतो. पानांना चकाकी आणणाऱ्या फवाऱ्याचीही तीच गोष्ट. सिंथेटिक पायरेथ्रॉइड, म्हणजे डेल्टामेथ्रिन, बायफेन्थ्रिन वगैरे, पानांवर आठ-बारा आठवडे घातक राहू शकतात. इमिडाक्लोप्रिडसारखे आंतरप्रवाही औषध मातीत दिले असेल तर ते झाडाच्या रसात कित्येक महिने राहते आणि त्या रसावर वाढलेली शिकार खाणाऱ्यालाही भोवते. अशा झाडावर मित्रकीटक सोडूच नयेत.

डास-झुरळांसाठी घरात मारलेला फवारा, भिंतीत लावलेली डासांची वडी किंवा द्रवाची बाटली, हेसुद्धा बहुधा पायरेथ्रॉइडच. झाडांच्या खोलीत ते बंद हवे. हे हमखास विसरले जाते.

धुण्याचे काम सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी करा. पानाच्या दोन्ही बाजूंना कोमट पाण्याचा फवारा, खूप खराब पाने काढून कचऱ्यात. नुसत्या धुण्याने किडीची संख्या निम्म्याहून खाली आली तर मित्रकीटकांना तेवढीच कमी धाव. मात्र शेवटच्या किड्यापर्यंत साफ करू नका, त्यांना खायला काही उरले पाहिजे.

खोली

एक साधा तापमान-आर्द्रता मापक झाडांच्या मधोमध ठेवा. खोलीच्या भिंतीवरचा नको, पानांजवळचा आकडा हवा. बहुतेक मित्रकीटकांना २० ते २७ अंश सेल्सिअस आणि ६० टक्क्यांपुढची आर्द्रता मानवते. एसी किंवा हीटर चालू असलेल्या खोलीत आर्द्रता ३०–४० टक्क्यांवर येते आणि तिथेच बहुतेकांचा खेळ बिघडतो. खड्यांच्या ताटलीत पाणी ठेवून फारसा फरक पडत नाही. झाडे एकमेकांना टेकवून एकत्र ठेवणे आणि जवळ छोटा ह्युमिडिफायर लावणे, याने पडतो. पाने एकमेकांना टेकलेली असण्याचा दुसराही फायदा: न उडणारे परभक्षी कोळी एका झाडावरून दुसऱ्यावर चालत जातात.

पिवळे चिकट सापळे उडणाऱ्या मित्रांनाही पकडतात. एन्कार्सिया (पांढऱ्या माशीवरची) किंवा ऍफिडियस (माव्यावरची) या बारीक उडणाऱ्या गांधीलमाश्या सोडणार असाल तर सापळे काढून ठेवा. कोळी आणि सूत्रकृमींना सापळ्यांचा त्रास नाही.

मुंग्यांचा बंदोबस्त आधी. मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले यांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत उलट्या वाटीवर ठेवली, आणि पाने भिंतीला टेकत नाहीत हे पाहिले, की मुंग्यांची वाट बंद होते.

पार्सल आल्यावर

ज्या दिवशी येईल त्याच दिवशी सोडा, शक्यतो संध्याकाळी, प्रखर दिवे बंद करून. डबा उन्हात किंवा गाडीत ठेवू नका. नेहमीच्या फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या आसपास, फक्त सूत्रकृमी ठेवायचे. कोळ्यांची बाटली एखादा दिवस ठेवायचीच झाली तर घरातल्या थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात आडवी ठेवा. भुंगेरे फ्रिजमध्ये मरगळतात.

सोडण्याआधी खोलीच्या तापमानाला अर्धा तास येऊ द्या आणि मित्रकीटक ज्यात भरून येतात तो भुसा चिमूटभर पांढऱ्या कागदावर टाकून भिंगाने पाहा. हालचाल दिसली पाहिजे. दिसली नाही तर फोटो काढून त्याच दिवशी विक्रेत्याला कळवा. चार दिवसांनी केलेल्या तक्रारीला अर्थ उरत नाही.

लाल कोळी: फायटोसियुलस आणि कॅलिफॉर्निकस

फायटोसियुलस पर्सिमिलिस हा परभक्षी कोळी १९५८ मध्ये चिलीतून जर्मनीत गेलेल्या ऑर्किडांबरोबर चुकून पोहोचला आणि पुढे जगभरच्या काचघरांत लाल कोळ्यावरचा पहिला इलाज ठरला. रंग नारिंगी-तांबडा, घाट नाशपातीसारखा निमुळता, पाय लांब, आणि चाल सतत धावती. लाल कोळी रेंगाळतो, हा पळतो. भिंगाखाली दोघांतला फरक ओळखण्याची हीच सोपी खूण. एक मोठा फायटोसियुलस दिवसाला साधारण ५ प्रौढ लाल कोळी किंवा त्यांची २० अंडी फस्त करतो. २० अंशांच्या पुढे त्याची एक पिढी लाल कोळ्याच्या जवळजवळ निम्म्या वेळात पुरी होते आणि म्हणूनच तो शिकारीला गाठतो.

३० अंशांच्या वर मात्र गणित उलटते. लाल कोळी भराभर वाढतो, फायटोसियुलस खाली सावलीत सरकतो. आर्द्रता ६० टक्क्यांखाली गेली तर फायटोसियुलसची अंडी सुकतात. म्हणजे ज्या गरम-कोरड्या हवेत लाल कोळी माजतो, तीच हवा त्याच्या शत्रूला नको असते. अशा खोलीत निओसियुलस कॅलिफॉर्निकस घ्या. तो सावकाश खातो, पण उष्णता आणि कोरडेपणा जास्त सोसतो आणि शिकार संपल्यावर परागावरही तगतो. खबरदारीसाठी लटकवायच्या पुड्याही याच्याच मिळतात.

प्रमाण: १० ते २० लाल कोळ्यांमागे एक फायटोसियुलस. घरात मोजणी कोण करणार, म्हणून मध्यम आकाराच्या झाडाला २० ते ५०, आणि जाळी दिसत असेल तर त्याच्या दुप्पट.

१. पाने पाण्याने हलकी ओलसर करा, थेंब गळतील इतकी नको.
२. बाटली आडवी धरून हळूहळू फिरवा. कोळी झाकणाकडे गोळा झालेले असतात. न फिरवता ओतली तर पहिल्या झाडाला सगळे आणि शेवटच्याला नुसता भुसा.
३. जिथे कीड सर्वांत जास्त, त्या पानांवर चिमटी-चिमटीने भुसा टाका. भुसा घरंगळत असेल तर कॉफी फिल्टरचा छोटा द्रोण करून फांदीला अडकवा आणि त्यात टाका.
४. रिकामी बाटली उघडी करून झाडाच्या बुंध्याशी ठेवा, मागे राहिलेले बाहेर येतात.
५. दोन दिवस पानांवर फवारा, पंखा, धुणे काही नाही.

आठवड्याने त्याच पानांची मागची बाजू भिंगाने पाहा. लाल कोळ्याची अंडी वाटोळी आणि बारीक. फायटोसियुलसची लांबट, जवळपास दुप्पट मोठी आणि किंचित गुलाबी. ती लांबट अंडी दिसली की समजा संसार मांडला गेलाय. दोन ते तीन आठवड्यांत जिवंत लाल कोळी सापडेनासे होतात. पानांवरचे फिकट ठिपके मात्र जात नाहीत. प्रगती नव्या पानांवर पाहायची.

पिठ्या ढेकूण: क्रिप्टोलेमस

क्रिप्टोलेमस मोन्ट्रोझिएरी हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा, ढालकिड्याच्या कुळातला. अल्बर्ट कोबेले यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो कॅलिफोर्नियात नेला आणि तेव्हापासून त्याची पैदास होत आली आहे. प्रौढ ४ मिलिमीटरचा, पाठ काळपट, डोके आणि मागचे टोक नारिंगी.

त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच दिसते, आणि घरातले निम्मे प्रयोग इथेच बुडतात. अंगभर पांढऱ्या मेणाच्या झालरी, त्यामुळे कुणीही तिला ‘मोठ्ठा ढेकूण’ समजून स्पिरिटच्या बोळ्याने टिपून टाकतो. फरक लक्षात ठेवा. ढेकूण ३ ते ५ मिलिमीटरचा, अंडाकृती, झालर आखूड आणि सारखी, आणि हलवला तरी जेमतेम सरकणारा. अळी वाढली की १३ मिलिमीटरपर्यंत जाते, तिचे मेणाचे धागे लांब आणि अस्ताव्यस्त असतात, आणि ती चालत राहते. शंका आली तर काडीने हळूच उलटी करा: अळीच्या पोटाखाली सहा ठसठशीत पाय दिसतात.

मागवण्याआधी ढेकणाची जात पाहून घ्या. कापसासारख्या पुंजक्यात अंडी घालणारा, आखूड झालरीचा ढेकूण असेल तर काम होते, कारण मादी भुंगेरा आपली अंडी त्याच कापसात घालते. ज्याच्या शेपटीला शरीराएवढे लांब दोन धागे आहेत, तो लांबशेपट्या ढेकूण असा कापूस करत नाही. क्रिप्टोलेमस त्याला खातो, पण त्याच्यावर आपली पुढची पिढी नीट उभी करू शकत नाही. तिथे दर तीन-चार आठवड्यांनी नव्याने सोडावे लागते. मुळांवरच्या ढेकणाला तर हा हातही लावत नाही.

खोली २२ ते २८ अंश हवी. १६–१७ च्या खाली तो नुसता बसून राहतो. लहान झाडाला २ ते ५, मोठ्या आणि जास्त बाधित झाडाला १० किंवा अधिक. अळ्या मिळत असतील तर घरासाठी त्याच घ्या, त्यांना पंख नाहीत. प्रौढच मिळाले तर झाडाला जाळी लागेलच:

झाडावर बारीक जाळीच्या कापडाची पिशवी घाला, खाली कुंडीच्या काठाला दोरीने आवळा. भुंगेरे आत सोडा आणि तीन-चार दिवस तशीच राहू द्या. तेवढ्यात ते खातात, जोड्या जुळतात, अंडी पडतात. मग पिशवी काढली आणि काही खिडकीकडे उडाले तरी बिघडत नाही, खरे काम अळ्या करणार असतात. खिडकीत सापडलेल्या भुंगेऱ्यांना संध्याकाळी ग्लासाने उचलून परत झाडावर ठेवा.

अंड्यापासून प्रौढापर्यंत २७ अंशांवर चार-पाच आठवडे जातात. पहिले पंधरा दिवस काही घडत नाहीये असे वाटते. त्या काळात स्पिरिटचा बोळा कपाटात कुलूप लावून ठेवावा, हे थट्टेने नाही.

फुलकिडे: एकट्याने न जमणारे काम

फुलकिड्यांची अंडी पानाच्या पेशीत रुतलेली, अळ्या पानावर, कोषाची अवस्था बहुतेक जातींत मातीत, आणि प्रौढ पुन्हा वर. एका मित्राने हे सगळे झाकले जात नाही. परभक्षी कोळी फक्त कोवळ्या अळ्या खातात, प्रौढाला शिवत नाहीत. त्यामुळे सोडल्यावर दोन-तीन आठवडे प्रौढ फुलकिडे दिसतच राहतात आणि लोक वैतागून फवारणी करतात. थांबा. प्रौढ आपल्या मरणाने मरतात, त्यांची जागा घेणारे कमी होत जातात.

पानांसाठी: खोली २०–२२ अंशांच्या वर राहत असेल तर ऍम्बलीसियस स्विरस्की, त्याहून थंड असेल तर निओसियुलस क्युक्युमेरिस. दोन्ही कागदी पुड्यांत येतात. पुडीत कोंडा, कोंड्यावर जगणारे निरुपद्रवी कोळी आणि त्यांना खाणारे परभक्षी असतात. पुडी म्हणजे चालते-बोलते पैदास केंद्र, त्यातून काही आठवडे परभक्षी बाहेर पडत राहतात. पुडी फाडू नका, तिला बारीक भोक असते. पानांच्या सावलीत, देठाला लागेल अशी अडकवा. उन्हात किंवा दिव्याच्या थेट झोतात ती वाळते, पाण्याने भिजली तर आत बुरशी. प्रत्येक झाडाला एक, मोठ्या वेलाला दोन-तीन, आणि दर चार आठवड्यांनी बदला. कीड आधीच भरपूर असेल तर पुडीच्या सावकाश गतीवर विसंबू नका. सुटे कोळी मध्यम झाडाला ५० ते १०० या हिशेबाने दोन-तीन आठवडे दर आठवड्याला भुरभुरा आणि पुड्याही लावा. घरात कुणाला धुळीची किंवा कोंड्याची ऍलर्जी असेल तर सुट्या भुशापेक्षा पुडी बरी.

मातीसाठी: स्ट्रॅटिओलेलॅप्स सिमिटस, जुन्या यादीत हायपोआस्पिस माइल्स या नावाने सापडणारा तपकिरी कोळी. १५ सेंटिमीटरच्या कुंडीला त्याच्या भुशाचा अर्धा ते एक चमचा मातीवर पसरा. तो वरच्या थरात राहतो, चिलटांच्या अळ्या आणि फुलकिड्यांचे कोष दोन्ही खातो आणि शिकार नसली तरी मातीतल्या इतर सूक्ष्म जीवांवर कित्येक आठवडे तगतो. घरासाठी एकच मित्र निवडायचा झाला तर आम्ही यालाच मत देऊ: उडत नाही, पानांवर दिसत नाही, कोरड्या हवेची झळ मातीत त्याला कमी लागते.

प्रौढ फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे, पानांच्या उंचीवर. सापळ्यांनी फुलकिडे संपत नाहीत, पण आठवड्याला किती चिकटले हे मोजायला ते उत्तम.

चिलटे: सूत्रकृमी

स्टायनरनेमा फेल्टिए हे सूत्रकृमी डोळ्यांना न दिसणारे. मातीच्या पाण्यातून पोहत ते अळीच्या शरीरात शिरतात, पोटातले जिवाणू सोडतात आणि एक ते तीन दिवसांत अळी मरते. झाडाला, माणसाला, मांजर-कुत्र्याला त्यांच्यापासून काही होत नाही.

नेहमीचे प्रमाण चौरस मीटरला ५ लाख, म्हणजे ५० लाखांचे पाकीट १० चौरस मीटरला. १५ सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीचा पृष्ठभाग ०.०१८ चौरस मीटरच भरतो. वीस कुंड्यांना दोन लाखही पुष्कळ झाले. त्यामुळे घरात पाकीट नेहमी उरते. पण ओले केलेले सूत्रकृमी परत ठेवता येत नाहीत आणि पाकिटातली पूड अर्धी करून ठेवली तर कोणत्या अर्ध्यात किती जिवंत हे सांगता येत नाही. सगळे एकदाच वापरा, जास्त झाल्याने नुकसान नाही.

माती आदल्या दिवशी नेहमीसारखी भिजवा. पाकीट फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. बादलीत खोलीच्या तापमानाचे पाणी घ्या, वीस कुंड्यांना २ ते ३ लिटर. पूड घालून पाच मिनिटे भिजू द्या आणि ढवळा. आता प्रत्येक कुंडीला १०० ते १५० मिलिलिटर, दर दोन-तीन कुंड्यांनी पुन्हा ढवळत. सूत्रकृमी तळाला बसतात आणि न ढवळल्यास शेवटच्या कुंडीला सगळा गाळ जातो. झारीच्या तोंडाची बारीक गाळणी काढून टाका, त्यात ते अडकतात. काम संध्याकाळी, कारण उन्हातले अतिनील किरण त्यांना मिनिटांत मारतात. मातीचे तापमान १४ ते २६ अंश, आणि पुढचे आठ-दहा दिवस वरचा थर कोरडा पडू द्यायचा नाही.

जिवंत आहेत का ते तपासायला चमचाभर द्रावण काळ्या बशीत घ्या आणि टॉर्चच्या उजेडात भिंगाने पाहा. इंग्रजी जे अक्षरासारखे वाकलेले, वळवळणारे पांढरे धागे दिसले की ठीक. सगळेच सरळ काड्यांसारखे निपचित असतील तर माल मेलेला.

दोन आठवड्यांनी नवे पाकीट आणून दुसरी मात्रा द्या. चिलटाची एक पिढी तीन-चार आठवड्यांची, पहिल्या मात्रेच्या वेळी अंड्यात किंवा कोषात असलेली सुटतात. उडणारी चिलटे लगेच कमी होत नाहीत, ती पिवळ्या सापळ्यावर धरा. आणि पाणी घालण्याची सवय बदलली नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा तेच. वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर दोन पाण्यांच्या मध्ये वाळू देणे हा कायमचा इलाज. अर्थात सूत्रकृमींचा मुक्काम संपल्यानंतर.

मावा, पांढरी माशी, खवले

माव्यावर घरात सर्वांत सोपी क्रायसोपर्ला या हिरव्या, जाळीदार पंखांच्या कीटकाची अळी. मध्यम झाडाला ५ ते १०. त्या एकमेकींनाही खातात, म्हणून एका पानावर ढीग न ओतता मऊ ब्रशने एकेक वेगवेगळ्या फांदीवर ठेवा. अळी दोन-तीन आठवडे खाते, मग कोष करते. तिचा प्रौढ कीटक मावा खात नाही, तेव्हा घरात पुढची पिढी मिळेल अशी आशा नको. ऍफिडियस कोलेमनी ही गांधीलमाशीची नाजूक, न चावणारी नातेवाईक माव्याच्या पोटात अंडे घालते. मावा फुगून सोनेरी-तपकिरी, कागदासारखा कडक होतो. असे फुगलेले मावे दिसले की ते पुसून टाकू नका, त्यांतूनच गोल भोक पाडून पुढची पिढी बाहेर येते.

पांढऱ्या माशीवर एन्कार्सिया फॉर्मोसा. तिच्या कोषांची कार्डे झाडाच्या खालच्या भागात, सावलीला, आठवड्याला एक याप्रमाणे तीन-चार आठवडे अडकवा. खोली १८ अंशांच्या वर हवी. माशीची पिल्ले पांढऱ्याची काळी झाली की काम चालू आहे. हे काचघरातल्या पांढऱ्या माशीबद्दल. दुसरी जात असेल तर स्विरस्की बरा.

खवल्यांसाठी घरात मित्रकीटक शोधत बसू नका. प्रत्येक जातीला वेगळा मित्र लागतो आणि तो मिळणे कठीण. जुन्या टूथब्रशने खरवडा, साबणाने धुवा, दर दहा दिवसांनी पुन्हा पाहा.

बागेतले पकडलेले लाल ढालकिडे घरात सोडणे हा हौशी लोकांचा आवडता प्रकार. ते तासाभरात खिडकीच्या काचेवर जमतात आणि तिथेच मरतात. नका करू.

मोजणी, आणि फसले तर कारण शोधणे

प्रत्येक बाधित झाडाची पाच पाने दोरा बांधून ठरवा आणि दर आठवड्याला त्याच पानांवरची कीड मोजून वहीत लिहा. ‘कमी वाटतेय’ या अंदाजात आणि मोजलेल्या आकड्यात कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक निघतो.

तिसऱ्या आठवड्यातही आकडा चढताच असेल तर क्रमाने पाहा. भिंगाखाली मित्रकीटक एकही दिसत नाही: औषधाचा अंश, किंवा पार्सलमध्येच मेलेले. दिसतात पण अंडी घालत नाहीत: थंडी किंवा कोरडी हवा. खिडकीत मेलेले सापडतात: जाळी न लावता उजेडात सोडले. एका झाडावर कमी झाली, शेजारच्यावर वाढली: पाने टेकलेली नव्हती. सगळे बरोबर होते आणि तरी हरले: सुरुवातीलाच कीड फार होती, धुऊन आणि छाटून पुन्हा सोडा.

याच काळात एखाद्या फांदीवर कीड असह्य झाली तर पूर्ण झाडावर फवारू नका. ती फांदी कापून टाका, किंवा तेवढ्या पानांना साबणाच्या पाण्याचा बोळा लावा.

कीड संपल्यावर फायटोसियुलस आणि क्रिप्टोलेमस आपोआप संपतात, त्यांना घराबाहेर काढायची गरज नसते. मातीतला स्ट्रॅटिओलेलॅप्स राहतो, राहू द्या. नवे झाड आले की ते इतरांपासून तीन-चार आठवडे लांब ठेवा, आठवड्यातून एकदा कागदावर टिचक्या मारा, आणि झाड आल्या दिवशीच त्याच्या कुंडीत अर्धा चमचा मातीचे कोळी टाकून द्या.